समुद्रांतील प्रवाशांचा माग

मुंबईच्या गिरगांव चौपाटीवर संध्याकाळीं हवा खावयास जाणाऱ्या कुटुंबांना समुद्राचें एकच अंग दिसतें. तें म्हणजे त्याचा पृष्ठभाग. भरती-ओहोटी, मावळतीचे रंग आणि क्षितिजावर उभीं असलेलीं जहाजें, एवढीच त्यांची त्याच्याशीं ओळख. लालबाग-परळच्या चाळींतून राहणाऱ्या कोंकणी घरांना ह्याहून थोडें अधिक ठाऊक असतें. थंडीच्या दिवसांत एखाद्या रात्रीं गांवच्या पुळणीवर कासव येतें, वाळूंत खड्डा करून अंडीं घालतें, खड्डा बुजवितें आणि उजाडण्यापूर्वीं पाण्यांत नाहींसें होतें, हें त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं पाहिलेलें असतें. परंतु तें कासव कोठून आलें आणि कोठें गेलें, असें विचारलें तर त्या वडीलधाऱ्यांजवळ उत्तर नसे. आणि खरें सांगावयाचें तर शास्त्रज्ञांजवळहि तें कालपरवांपर्यंत नव्हतें.

हें उत्तर मिळविणें ही केवळ जिज्ञासेची बाब नव्हे. अरण्यांतील वाघ वांचवावयाचा तर त्याचें अरण्य राखावें लागतें. देवमासा किंवा समुद्रांतील कासव वांचवावयाचें तर काय राखावयाचें? ज्याचें घर कोणतें हेंच माहीत नाहीं, त्याच्या घरावर पहारा ठेवणार कसा? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा करतांना माणसानें गेल्या सव्वाशें वर्षांत जी वाटचाल केली, तिच्यांत मुंबईचा वाटा लहान नाहीं.

ह्या वाट्याचा आरंभ भायखळ्यास झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं तेथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्यूझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकीं दोघे हिंदी होते, आणि दोघेहि डॉक्टर होते. पहिले आत्माराम पांडुरंग तर्खडकर. हे प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. दुसरे सखाराम अर्जुन. हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. एकत्र जमावें, प्राण्यांविषयींचीं आपआपलीं निरीक्षणें एकमेकांस सांगावींत आणि मिळालेले नमुने दाखवावे, एवढाच ह्या मंडळींचा प्रथम हेतु होता. १८८६ सालीं संस्थेचें जर्नल निघालें. ह्या नियतकालिकाचें बळ पहिल्यापासून त्याच्या पत्रलेखकांत होतें. कोठें कोणी इंजिनियर, कोठें कोणी मळेवाला, कोठें एखादा जंगल अधिकारी आपल्या भागांत जें पाहील तें मुंबईस लिहून कळवी, आणि तीं पत्रें छापलीं जात. दूरच्या माणसानें पाहिलेलें कळवावें आणि एका ठिकाणीं तें नोंदलें जावें, ही संवय ह्या संस्थेनें देशाला लावली.

समुद्रांतील मोठ्या प्राण्यांविषयींहि मग अशाच नोंदी जमूं लागल्या. संस्थेचे क्यूरेटर एस. एच. प्रेटर यांनीं १९४१ सालीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरील व्हेल शार्कविषयीं ह्याच जर्नलांत एक दीर्घ लेख लिहिला. व्हेल शार्क हा देवमासा नव्हे. देवमासा हवेंत श्वास घेतो व पिलाला दूध पाजतो; व्हेल शार्क हा मुशीच्या कुळांतील मासाच आहे. जगांतील सर्व माशांत तो मोठा असून बारा मीटरांहूनहि लांब वाढतो. तरी पाण्यांतील सूक्ष्म जीव आणि बारीक मासळी गाळून खाऊन राहतो व माणसाच्या वाटेस जात नाहीं. अशा प्राण्याविषयीं त्या काळीं जें कळे तें बहुधा तो मेल्यावर किंवा मरणाच्या दारीं असतांना कळे. एखादा किनाऱ्याला लागला, एखादा जाळ्यांत गुंतला, कीं त्याची लांबी मोजावी, छायाचित्र घ्यावें, गांवाचें नांव आणि तारीख लिहावी. तो तेथें आला होता एवढें त्यावरून सिद्ध होई. तो आला कोणत्या वाटेनें आणि जाणार होता कोठें, हें मात्र त्याच्याबरोबरच संपून जाई.

ही अडचण प्रथम दूर केली ती पक्ष्यांच्या अभ्यासकांनीं. १८९९ सालीं डेन्मार्कमधील हान्स मोर्टेन्सेन नांवाच्या शिक्षकानें आपल्याकडील साळुंकीच्या कुळांतल्या पक्ष्यांच्या पायांत अॅल्युमिनियमचीं हलकीं कडीं घातलीं. प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि पत्ता होता. पक्षी सोडून द्यावयाचे आणि कोठून पत्र येतें त्याची वाट पाहावयाची, एवढीच ती युक्ति. मुंबईच्या संस्थेनें १९२७ सालीं ही पद्धति आपल्या देशांत सुरू केली. कड्यावर क्रमांकाबरोबर इंग्रजींत मजकूर असे, त्याचा अर्थ, ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.’ पुढें १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें हें काम फार मोठ्या प्रमाणावर झालें. त्याचे सूत्रधार डॉ. सालिम अली होते. त्यांचें बालपण गिरगांवालगतच्या खेतवाडींतील एकत्र कुटुंबांत गेलें होतें, आणि मारलेल्या एका चिमणीची जात कोणती तें विचारावयास ते १९०८ सालीं ह्या संस्थेची पायरी प्रथम चढले होते. त्यांच्या सहकाऱ्यांनीं भारतांत कडीं घातलेल्या पक्ष्यांच्या बातम्या पुढें सोव्हिएट प्रदेशांतून हजारों मैलांवरून येऊं लागल्या.

ह्या पद्धतींत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. खूण करणारा हात एक असतो आणि ती ओळखणारा हात दुसरा. हे दोघे एकमेकांस कधीं भेटत नाहींत. त्यांची भाषाहि बहुधा एक नसते. पहिल्यानें कितीहि काळजीपूर्वक काम केलें, तरी दुसऱ्यानें कडें पाहून फेंकून दिलें तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. म्हणजे हजारों मैलांचें हें ज्ञान अखेरीस एका अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून असतें.

समुद्रांत हीच युक्ति चालवितांना तिला प्रथम फार क्रूर रूप आलें. ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दक्षिण महासागरांतील देवमाशांवर बंदुकीनें पोलादी नळ्या झाडून त्या त्यांच्या चरबींत रुतविल्या. प्रत्येक नळीवर क्रमांक असे. ‘डिस्कव्हरी’ ह्या जहाजावरून त्या नळ्यांना तेंच नांव पडलें. परंतु ही नळी परत मिळावयाची ती देवमासा मारून त्याचे तुकडे केल्यावरच. म्हणजे कड्यावरील पत्ता वाचण्यासाठीं येथें पत्रवाहकाचाच जीव घ्यावा लागे. पुढें कासवांच्या बाबतींत आर्ची कार ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९५५ पासून कोस्टा रिकाच्या टॉर्टुग्वेरो किनाऱ्यावर अंडीं घालावयास येणाऱ्या हिरव्या कासवांच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायांना धातूच्या पट्ट्या लावल्या आणि पट्टी परत पाठविणारास बक्षीस ठेवलें. पट्ट्या परत आल्या. पण त्यांतील पुष्कळशा निकाराग्वाच्या बाजूच्या कासवमाऱ्या कोळ्यांकडून आल्या. ज्ञान वाढत होतें आणि प्राणी कमी होत होते.

अरबी समुद्रांत तर ह्याहून वाईट घडलें. ह्या समुद्रांत हंपबॅक जातीच्या देवमाशांचा एक लहानसा समूह राहतो. जगांतील इतर हंपबॅक उन्हाळ्यांत ध्रुवाकडील थंड पाण्यांत खाद्यासाठीं जातात आणि विणीसाठीं उष्ण पाण्यांत परततात. अरबी समुद्रांतील हे देवमासे मात्र असा प्रवास करीत नाहींत. त्यांचें खाणें, गाणें आणि वीण ह्याच समुद्रांत होते. १९६५ व १९६६ सालीं सोव्हिएट जहाजांनीं ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांजवळ ह्या समूहांतील २४२ देवमासे गुप्तपणें मारले. ही हकीकत उघडकीस आली ती १९९० नंतर, त्याच देशाच्या शास्त्रज्ञांनीं जपून ठेवलेल्या कागदपत्रांवरून. दरम्यान १९७९ सालीं हिंदी महासागर हा आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगानें देवमाशांसाठीं अभय क्षेत्र म्हणून जाहीर केला होता. परंतु अभय मिळालें तेव्हां वांचलेले किती होते? एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ओमानच्या पाण्यांत त्यांची संख्या सुमारें ८२ असावी असा अंदाज निघाला. सत्तर हजार वर्षें इतरांपासून वेगळा राहिलेला, असें त्यांच्या रक्तपेढीवरून नव्हे तर त्यांच्या जनुकांवरून ठरलेला हा समूह, असा हाताच्या बोटांवर मोजण्यासारखा होऊन बसला.

ह्याच सुमारास खूण करण्याच्या विद्येंत मोठा पालट झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्यानें प्राण्यांचा माग काढणें शक्य झालें. प्राण्याच्या अंगावर एक लहान प्रक्षेपक बसवितात. खाऱ्या पाण्यांत तो मुका असतो. प्राणी श्वास घेण्यास वर आला आणि त्याची तार हवेंत आली कीं तो संदेश धाडतो. उपग्रह जवळ येत असतांना त्या संदेशाची कंपनसंख्या वाढलेली भासते, दूर जातांना ती उतरते. स्टेशनावरून धडधडत जाणाऱ्या गाडीच्या शिटीचा सूर जवळ येतांना चढा आणि दूर जातांना उतरता लागतो, त्यांतलाच हा प्रकार. ह्या चढउतारावरून प्राण्याचें स्थान गणितानें काढतां येतें. पट्टी प्रवासाचीं दोन टोंकें सांगत असे. उपग्रहानें त्यांमधील वाट दाखविली, आणि तीहि प्राणी जिवंत असतांना.

ह्या वाटांपैकीं एक वाट भारताला येऊन लागली. नोव्हेंबर २०१७ मध्यें ओमानच्या किनाऱ्याजवळ एका हंपबॅक मादीवर प्रक्षेपक बसविण्यांत आला. तिच्या शेपटीवरील खूण ऊदाच्या झाडासारखी दिसे, म्हणून तिचें नांव ‘लुबान’ ठेवलें होतें. मराठींत ज्याला लोबान म्हणतात तोच हा शब्द. ह्या मादीनें अरबी समुद्र ओलांडला, ती गोव्याच्या बाजूस आली, तेथून दक्षिणेस भारताच्या टोंकापर्यंत गेली आणि मग पुन्हां ओमानकडे वळली. असा प्रवास प्रत्यक्ष नोंदला गेल्याची ही पहिलीच वेळ होती. जुन्या काळीं मचव्यांनीं केलेला व्यापार जसा ह्या समुद्राच्या दोन्ही कांठांना जोडीत असे, तसेंच हें एक प्राचीन दळणवळण ठरलें. फक्त त्याची नोंद कोणाच्या वहींत नव्हती. ओमाननें आपल्या बाजूस कितीहि बंदोबस्त ठेवला, तरी भारताच्या बाजूस तो नसेल तर उपयोग नाहीं, हें ह्या एका प्राण्यानें सांगितलें.

आतां कोंकणच्या पुळणीकडे वळूं गेल्यास, तेथेंहि हाच प्रश्न वेगळ्या रूपानें उभा होता. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास हें गांव नाना फडणविसांमुळें इतिहासांत प्रसिद्ध आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें गांवकऱ्यांच्या मदतीनें तेथें ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांचीं घरटीं राखण्याचें काम आरंभिलें. पूर्वीं हीं अंडीं माणसें नेत, कोल्हीं-कुत्रीं उकरीत. आतां कासवमित्र रात्रीं पुळणीवर गस्त घालतात, अंडीं कुंपणांतील वाळूंत हलवितात आणि पिलें निघालीं कीं तीं पाण्याकडे सोडतात. २००६ पासून त्यासाठीं तेथें कासव महोत्सव भरूं लागला, आणि मुंबईचीं कुटुंबें मुलाबाळांसह वेळासची वाट धरूं लागलीं. पिलें समुद्रांत गेलीं कीं टाळ्या वाजत. पुढें काय, हें मात्र कोणास सांगतां येत नव्हतें.

जानेवारी २०२२ मध्यें महाराष्ट्र वनविभागाचें कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनीं वेळास येथें एका मादीच्या पाठीवर प्रक्षेपक चिकटविला. तिचें नांव प्रथमा. तिच्यामागून आंजर्ले व गुहागर येथील सावनी, वनश्री, लक्ष्मी आणि रेवा ह्यांवर तसेच प्रक्षेपक बसले. प्रथमा उत्तरेकडे गुजरातपर्यंत जाऊन आली; दुसऱ्या कांहीं दक्षिणेकडे गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें गुहागरला आणखी दोन माद्यांना खूण केली, बागेश्री आणि गुहा. गुहा लक्षद्वीपच्या बाजूस गेली. बागेश्री किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस उतरली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरांत शिरली. तोंपर्यंत सामान्य समज असा होता कीं, पश्चिम किनाऱ्याचीं कासवें निराळीं आणि पूर्व किनाऱ्याचीं निराळीं. बागेश्रीनें ह्या समजुतीला पहिला धक्का दिला.

दुसरा धक्का दिला तो कोणत्याहि प्रक्षेपकानें नव्हे. २०२१ सालीं ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेनें एका कासवाच्या पायास साधी धातूची पट्टी लावली होती. तिच्यावर क्रमांक होता ०३२३३. जानेवारी २०२५ मध्यें हेंच कासव गुहागरच्या पुळणीवर अंडीं घालतांना आढळलें. समुद्राच्या वाटेनें हें अंतर सुमारें साडेतीन हजार किलोमीटर भरतें. ज्या गहिरमाथ्याला एकाच वेळीं हजारों माद्या येतात, तेथील मादी कोंकणांतील एका शांत पुळणीवर एकटी येऊन वीण करते, हें कोणी मानलें नसतें. तें मानावें लागलें, कारण त्या रात्रीं पुळणीवर जो माणूस होता त्यानें पट्टी पाहिली, क्रमांक वाचला आणि कळविला. १९२७ सालीं कड्यावर लिहिलेल्या विनंतीचें हें उत्तर जणूं शतकानें आलें.

ह्या ज्ञानाचा उपयोग काय, हा प्रश्न आतां रास्त ठरतो. पहिला उपयोग असा कीं, कोणत्या वेळीं कोठें काळजी घ्यावयाची हें त्यावरून ठरवितां येतें. महाराष्ट्रांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ह्या बंदीमुळें माशांच्या विणीला उसंत मिळते; परंतु कासवाच्या माद्या कोंकणच्या किनाऱ्याजवळ घोटाळतात त्या हिवाळ्यांत आणि उन्हाळ्याच्या आरंभीं, म्हणजे नेमक्या ज्या वेळीं जाळीं पाण्यांत असतात तेव्हां. कासवाला श्वासासाठीं वर यावें लागतें. ओढत्या जाळ्यांत तें अडकलें आणि जाळें लवकर वर निघालें नाहीं, तर तें गुदमरून मरतें. पुळणीवरील अंडें राखिलें आणि समुद्रांतील आई गेली, तर त्या राखणीचा अर्थ निम्मा होतो. ओडिशांत गहिरमाथ्याजवळ विणीच्या हंगामांत मासेमारीवर निर्बंध असतात. परंतु तेथें राखलेलें कासव वाटेंत कोंकणच्या जाळ्यांत सांपडूं शकतें, हें ०३२३३ क्रमांकानें दाखविलें आहे.

दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. कोळ्याच्या घरीं जाळें ही चैनीची वस्तु नाहीं. तें त्याचें भांडवल असतें. जाळ्यांत व्हेल शार्क किंवा कासव सांपडल्यावर तें सोडावयाचें तर पुष्कळदां जाळें कापावें लागतें, आणि त्या दिवसाची मासळीहि जाते. कायद्यानें प्राणी संरक्षित आहे म्हणून सारा तोटा एकट्या कोळ्यानें सोसावा, हें न्यायाचें नाहीं. डिसेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्रांत ह्यावर एक तोड निघाली. संरक्षित प्राणी सोडण्यासाठीं जाळें कापावें लागलें, तर त्याचें छायाचित्र दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळूं लागली. ही रक्कम प्रत्येक वेळीं जाळ्याच्या किंमतीस पुरेल असें नाहीं. तथापि तिच्यामुळें एक नवी गोष्ट झाली. पूर्वीं असा प्रसंग समुद्रांतच संपत असे. आतां कोळी त्याचें छायाचित्र घेऊन येतो, जागा सांगतो, तारीख सांगतो. ज्या वार्ता प्रेटर यांना मेलेल्या प्राण्यावरून गोळा कराव्या लागत, त्या आतां सोडून दिलेल्या, जिवंत प्राण्याविषयीं मिळूं लागल्या.

ओढत्या जाळ्याला बसविण्याची एक लोखंडी जाळीची झडपहि आहे. कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें आपल्याकडील नौकांना योग्य असा तिचा नमुना तयार केला आहे. कोळंबी गजांमधून मागें जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या खिडकींतून बाहेर पडतें. ती सर्वत्र वापरली जात नाहीं म्हणून अमेरिकेनें २०१९ पासून भारताची समुद्रांतील कोळंबी घेण्याचें थांबविलें. झडपेमधून मासळीहि निसटते अशी मच्छीमारांची तक्रार असते, आणि ती हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. परंतु ही गोष्ट केवळ परदेशी व्यापाराची राहूं नये. ससून डॉकवर आणि भाऊच्या धक्क्यावर उतरणारी कोळंबी गिरगांवांत व दादरला घरोघर शिजते. ती कशी पकडली हें विचारण्याची संवय खाणारांनीं लावून घेतली आणि तिच्यासाठीं थोडें अधिक मोल दिलें, तर कासवाचा भार एकट्या कोळ्याच्या खांद्यावर राहणार नाहीं.

भायखळ्याच्या त्या आठ गृहस्थांना उपग्रह ठाऊक नव्हता, आणि कासवाच्या पाठीवर यंत्र बसेल असें त्यांच्या स्वप्नांतहि आलें नसतें. त्यांनीं घालून दिलेला रिवाज मात्र साधा होता: जें पाहिलें तें लिहावें, आणि ज्याला त्याचा उपयोग होईल त्याला कळवावें. प्रक्षेपकाची विजेची पेटी थोड्याच काळांत संपते आणि प्राणी पुन्हां अंधारांत जातो. त्यानंतर त्याची वार्ता कळावयाची ती गस्त घालणाऱ्या कासवमित्राकडून, जाळें ओढणाऱ्या खलाशाकडून, किंवा पुळणीवर सुटी घालविण्यास आलेल्या एखाद्या मुंबईकराकडून. ०३२३३ ह्या कासवानें दोन किनारे जोडले खरे. परंतु तें जोडलेलें कळलें, तें हातांत विजेरी घेऊन रात्रीं वाळूंत उभ्या राहिलेल्या एका माणसामुळें.